रग्बीसाठी तुडवलेली भुई

रग्बी म्हणजे काय, हे मला आजही दर लग्नात एकदा तरी समजावून सांगावं लागतं. पंगतीत शेजारी बसलेली कुणीतरी पाहुणी विचारते, "तुम्ही म्हणे खेळाडू होतात, कुठला खेळ?" मी सांगते. ती म्हणते, "म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात ते?" ते अमेरिकेतलं, ते वेगळं, असं सांगेपर्यंत जिलेबी वाढून जाते. फुटबॉलवाल्यांना हा त्रास नाही. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही तेही विश्वचषकाच्या महिन्यात भलत्याच देशांचे टी-शर्ट घालून पनवेलच्या बाजारात भाजी घेत फिरतात. माझा भाचा त्यांतलाच. परवा परदेशात कुठेशी रग्बीची मोठी स्पर्धा भरली होती, मी मोबाइलवर सामना बघत बसले होते, तर हा मागून डोकावून म्हणतो, "आत्या, हे बघतं तरी कोण? फुटबॉलच्या पासंगाला तरी पुरेल का?" नाही पुरणार, मला ठाऊक आहे. मी काही आंधळी नाही. पण आमच्या गावात एकदा या खेळाची राज्यस्तरीय स्पर्धा भरली होती, आणि ती कशी भरली हे त्याला माहीत नाही. म्हणून हे लिहिते आहे, आणि जरा रागातच लिहिते आहे.

कामोठ्यातलं आमचं घर खाडीच्या अंगाला, गावाच्या अगदी टोकाला होतं. तेव्हा सेक्टरचे नंबर पडायला नुकती सुरुवात झाली होती. दिवसभर पलीकडे पाया खोदणाऱ्या यंत्राचा ठोका चालायचा आणि अलीकडे आमच्या आईचा आवाज. आईला हळू बोलता यायचं नाही. ती चुलीजवळून बोलली की बांधावरच्या माणसाला ऐकू जायचं, आणि बऱ्याचदा ते बोलणं बांधावरच्या माणसासाठीच असायचं. घरात सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकट, दुपारी भात आणि जे खाडीत मिळेल ते. निवट्यांचं आंबट कालवण ती असं करायची की ताट पुसून घेतल्यावरही बोटांना वास राहायचा. मीठ मात्र आमच्या घरात कधी विकत आलं नाही. बाबा मिठागरावर होता. नुसता मजूर नव्हता, भुई करणाऱ्यांचा म्होरक्या होता. मिठाच्या वाफ्यात पाणी जिरू नये म्हणून पावसाळ्यानंतर त्याचा तळ तुडवतात. दहा-बाराजण एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओल्या चिखलावर पावलं आपटत जातात, मग लाकडी चोपण्याने तो चोपतात, मग परत तुडवतात. असं पंधरा-वीस दिवस केलं की तो तळ दगडासारखा वाजायला लागतो. बाबाने केलेल्या तळातून पाण्याचा थेंब जिरत नाही अशी उरणपर्यंत ख्याती होती. त्याच्या टाचा भेगाळलेल्या होत्या आणि त्यांचा त्याला अभिमान होता.

रग्बी आमच्यापर्यंत आली ती आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांमुळे. ते मुंबईत तरुणपणी खेळलेले, आणि त्यांच्याकडे एक जुना लांबोडका चेंडू होता. पहिल्या दिवशी तो बघून आम्ही मुली इतक्या हसलो की सरांनी तासाचं नावच सोडलं. पण पळणं आम्हाला येत होतं आणि पकड तर रक्तात होती. आमच्याकडे कबड्डी म्हणजे देवाच्या खालोखाल. आमचे काके-मामे दर जत्रेत मैदान गाजवायचे आणि आम्ही मुली घराच्या मागच्या अंगणात त्याच पकडी एकमेकींवर करून बघायचो. सरांनी सांगितलं, यात चेंडू घेऊन पळणारीला अशीच कमरेखाली धरून पाडायचं आणि आपणही तिच्याबरोबर पडायचं. फुटबॉलमध्ये कुणाला हात लावला तर शिट्टी वाजते, इथे हात न लावला तर सर ओरडायचे. मला तो खेळ त्याच दिवशी आवडला. चौदा वर्षांच्या मुलीला जगाने सारखं सांभाळून चाल, सावरून बस म्हणून सांगितलेलं असतं, आणि इथे एक मोठा माणूस सांगत होता की जोरात जाऊन आदळ. तीन वर्षांत आमचा संघ उभा राहिला. मी कप्तान होते. फक्त एक गोष्ट नव्हती: आम्ही दुसऱ्या कुठल्याही संघाशी एकही सामना खेळलो नव्हतो, कारण आमच्या संघाला कागदावर कुणी ओळखतच नव्हतं.

मग ती स्पर्धा आली. मुलींची, सात-सात जणींची, राज्यभरातून संघ येणार. पण रग्बीच्या राज्य संघटनेला मैदान मिळत नव्हतं. मोठी मैदानं क्रिकेटने धरलेली, उरलेली फुटबॉलने. सरांनी कळवलं, आम्ही भरवतो. यजमानांचा संघ थेट स्पर्धेत घेतात, त्यांची चाचणी होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आम्हाला खेळता यावं म्हणूनच त्यांनी हा उद्योग अंगावर घेतला. आधी ते मला घेऊन नवीन पनवेलच्या फुटबॉल क्लबात गेले. तिथे हिरवंगार मैदान होतं. सचिव म्हणून एक गोरेगोमटे गृहस्थ बसले होते, बोलायला फार गोड. "सर, रग्बीला बघायला येणार कोण? त्यातून मुलींची. त्यातून गावातल्या मुली," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले, "रागावू नकोस हं बाळ, मी प्रॅक्टिकल बोलतोय." एका दमात तीन अपमान करून वर बाळ म्हणणारी माणसं मी नंतरही पुष्कळ पाहिली, पण पहिली म्हणून ते माझ्या लक्षात राहिले. मी घरी येऊन सगळं सांगितलं. आईने चुलीवरची भाकरी तव्यावर जळू दिली. बाबाने सरांना निरोप पाठवला की जत्रेचं मैदान आहे, ते आम्ही करून देतो, फक्त कसं पायजे तेवढं सांगा.

संघटनेचं पत्र आलं, त्यात मैदानाबद्दल एक ओळ होती: जमीन सपाट असावी, खड्डे आणि दगड नसावेत. सर पत्र वाचून निघून गेले, कारण त्यांच्यामागे जेवणाची, राहण्याची, गाड्यांची शंभर कामं होती, आणि सपाट म्हणजे काय हे कुणाला विचारावं असं आमच्या गावात कुणालाच वाटलं नाही. सपाट कसं करायचं हे कामोठ्याला कोण शिकवणार? खाडीतला चिखल बैलगाड्यांतून आणून जत्रेच्या मैदानावर वीतभर जाडीचा थर दिला. थंडीचे दिवस होते, मिठागरावरचे वाफे तयार होऊन गेले होते, माणसं मोकळी होती. रोज सकाळी बाबाच्या मागे पन्नास-साठ माणसं खांद्याला खांदा लावून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुडवत जायची. पुढचे हां म्हणायचे, मागचे हूं म्हणायचे. बायका चोपणी घेऊन कडेने बसलेल्या. आई त्यांच्यात गात होती आणि मधेच कुणाच्या चोपण्याला जोर नाही म्हणून शिव्याही घालत होती. आम्ही मुली डोक्यावरून चहाच्या किटल्या नेत होतो. एखादं कुत्रं मैदानात शिरलं तर चार माणसं काठ्या घेऊन धावायची. पंधरा दिवसांनी ती भुई उन्हात चकाकायला लागली. इतकं देखणं काम मी पुन्हा पाहिलं नाही. आता तिथे तीन इमारती आणि एक क्लासवाला आहे, आणि तरी त्या रस्त्याने जाताना मला ती चकाकी दिसते.

स्पर्धेच्या चार दिवस आधी पुण्याहून संघटनेचे निरीक्षक आले. उंच, वाकलेले, कधीकाळचे खेळाडू. त्यांच्या मागोमाग एक स्कूटर आली, तिच्यावर फुटबॉल क्लबाचे ते सचिव. निरीक्षक मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले, टाच उचलून खाली आपटली आणि त्या आवाजाने त्यांचा चेहरा बदलला. "ही जमीन कुणी केली?" त्यांनी विचारलं. बाबा पुढे झाला. त्याने त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता. "मीच केली, सायेब. पंधरा दिस तुडवलीय." निरीक्षक खाली बसले, हाताने भुई चाचपली. "ही फरशी आहे," ते म्हणाले. बाबाला ती शाबासकी वाटली. तो हसून म्हणाला, "व्हय सायेब, पानी सोडा, तोंड दिसंल." मला मात्र कळलं होतं. आम्ही सराव करायचो तो शाळेमागच्या गवतात. इथे पळताना एखादीला पाडली तर काय होईल याचा विचार मीसुद्धा पंधरा दिवसांत केला नव्हता. मीही चहा वाटत होते आणि भुईचं कौतुक करत होते. निरीक्षक उठले आणि हात झाडत सरांना म्हणाले, "इथे मुली पडल्या तर खांदे निखळतील, डोकी फुटतील. मी सही करू शकत नाही." मग सचिव गोड आवाजात बोलले. त्यांचं मैदान आता मोकळं होतं. यजमान अर्थातच त्यांचा क्लब, आणि यजमानांचा संघ म्हणून त्यांच्या मुली होत्याच. फुटबॉलच्या असल्या तरी चार दिवसांत शिकतील, असं ते म्हणाले. म्हणजे मैदान गेलं तर आम्हीही गेलो. आमचा संघ जसा कागदावर येणार होता तसाच पुसला जाणार होता.

तेव्हा मी जे केलं ते लिहायला मला आजही जड जातं, पण लपवणार नाही. सगळ्या गावासमोर मी बाबाकडे वळले आणि म्हणाले, "तूच वाट लावलीस. इचारायचं तरी कुनाला. सगल्या जगाला मिठागरच समजतोस." त्याने एकदा भुईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्याच्या भुईबद्दल त्या दिवसापर्यंत कुणी वाकडा शब्द काढला नव्हता, आणि पहिला शब्द निघाला तो त्याच्या मुलीच्या तोंडून. मी चूक होते असं नाही. भुई खरंच चुकली होती. पण ते सांगायची ती जागा नव्हती आणि ती रीत नव्हती, हे कळायला मला फार वेळ लागला नाही.

आई मात्र पदर खोचून निरीक्षकांसमोर उभी राहिली. "सायेब, कशी पायजे तुमाला?" तिने विचारलं. निरीक्षक जरा दचकले. "मऊ पाहिजे," ते म्हणाले, "पडलं तर लागायला नको इतकी मऊ. गवत असतं तर उत्तम, पण निदान भुसभुशीत." आई म्हणाली, "मग परवा सांजच्याला या. च्या घ्यायला या, आनि भुई बघायला बी या." सचिव हसून म्हणाले, "वहिनी, दोन दिवसांत हे कसं व्हायचं? शेत करणार का मैदानाचं?" आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "शेतच व्हतं आमचं सगलं. तुमचा क्लब बी आमच्यासारक्यांच्याच शेतावं हाय. तुमी नका शिकवू." निरीक्षकांनी मान खाली घालून हसू लपवलं आणि परवा संध्याकाळची वेळ लिहून घेतली. सचिवांची स्कूटर दोन लाथांत सुरू झाली नाही, तिसरीत झाली.

ते गेल्यावर मी शेजारच्याच्या ओट्यावरची पहार उचलली आणि मैदानात जाऊन घाव घातला. पहार उसळून हाताला झिणझिण्या आल्या, भुईवर नखाएवढी खूण उमटली. माणसं कडेला उभी होती, कुणी पुढे येईना. पंधरा दिवस ज्यांनी ती तुडवली त्यांच्याच्याने ती फोडवत नव्हती. एक म्हातारा तर म्हणाला, "जाऊ दे गो पोरी, खेल बी कुनाला म्हाईत नाय तो. फुटबॉल तरी टीव्हीवर दिसतो." मी दुसरा घाव घातला. तेवढ्यात मागून बाबाने पहार धरली. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तो म्हणाला, "अशी नाय फुटत. आधी पानी पाजतात तिला." मग तो गावाकडे वळून पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "जी भुई माज्या पोरीचा खांदा मोडंल, ती मी केली असली तरी मना नको. तलावावं पंप लावा." एवढंच. तुडवताना जो पहिल्या रांगेत होता, तोच फोडायलाही पहिल्या रांगेत उभा राहिला, आणि मग बाकीच्यांना मागे राहणं शक्य नव्हतं.

दुपारभर पाणी सोडलं. भुई पाणी पीत नव्हती, बाबाचं काम इतकं चोख होतं. शेवटी त्याने खालच्या कोपऱ्यात, जिथून चोपायला सुरुवात केली होती तिथे, पहारीने एक भोक पाडलं आणि तिथून पाणी थराखाली शिरलं. भुई करणाऱ्यालाच तिची नाडी ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी उजाडताच कुदळी पडल्या, मग ट्रॅक्टरचा नांगर फिरला, ढेपा फोडायला बायकांनी तीच चोपणी उलटी धरली. भाताच्या गिरणीतून तुसाची पोती आली, पेंढा कापून आला, ते सगळं मातीत कालवलं. मी दिवसभर घमेली वाहिली आणि बाबाच्या समोर जाणं टाळलं. दुपारी आईने सगळ्यांना तिथेच भात आणि जवळ्याचं सुकं वाढलं. बाबा माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याच्या पानातलं आंब्याचं लोणचं माझ्या पानात ठेवलं. माफी मागायचे शब्द आमच्या घरात कुणाला येत नव्हते. मी लोणचं खाल्लं. ठरल्या सांजेला निरीक्षक आले, बुटासकट एक उडी मारली, गुडघ्यावर पडून बघितलं, आणि मातीच्या हातांनीच कागदावर सही केली. मग चहाही प्यायले.

स्पर्धेच्या दिवशी कामोठ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खेळ कळतो म्हणून कुणी आलं नव्हतं. आपण केलेल्या मैदानात काय होतं ते बघायला आले होते, आणि ओवे गावाकडून, उरणच्या कोळीवाड्यातूनही माणसं आली, कारण भुई फोडल्याची गोष्ट सगळीकडे झाली होती. कबड्डीच्या सामन्यांना बोलणारे आमचे मामा माइकवर बसले. त्यांना नियम माहीत नव्हते, त्यामुळे ते प्रत्येक पडापडीला "काय पकड हाय मंडली" एवढंच म्हणायचे. लोक दोन्ही संघांना टाळ्या वाजवायचे. पडलेली मुलगी उठली की बायका जास्त ओरडायच्या. फुटबॉलच्या मैदानावर अशी गर्दी होते की नाही मला ठाऊक नाही. होत असेलही. पण तिथे लोक जिंकणाऱ्यांना बघायला जातात.

आम्ही हरलो. पहिला सामना सडकून हरलो, दुसराही हरलो, तिसऱ्यात पुण्याच्या मुलींशी बरोबरीला आलो आणि शेवटच्या मिनिटात हरलो. त्या सामन्यात त्यांची सगळ्यात दणकट मुलगी सरळ माझ्या अंगावर आली. मी कमरेखाली शिरले, दोघी हवेत उडालो आणि मी उजव्या खांद्यावर आपटले, वर ती. माझं तोंड तुसाने भरलं होतं. मी खांदा फिरवून बघितला. फिरला. मी उठले आणि तिलाही हात देऊन उठवलं. कडेला बाबा दोन्ही हातांनी मैदानाभोवतीची दोरी धरून उभा होता. मी उठल्यावर त्याने दोरी सोडली.

संध्याकाळी बक्षिसं वाटून झाल्यावर सचिव माझ्याजवळ आले. ते आले होते हे मला तोवर दिसलं नव्हतं. "छान खेळलात हो," ते म्हणाले, "पण एकही सामना नाही जिंकलात. एवढा खटाटोप कशासाठी केला गावाने?" मी उत्तर देणार तेवढ्यात निरीक्षकांनी हाक मारली. प्रत्येक संघाच्या कप्तानाने मैदानाबद्दल शेरा लिहून सही करायची असते, तो कागद माझ्याकडे आला. यजमान म्हणून माझी सही शेवटची होती. बाबा बाजूला येऊन उभा राहिला. त्याला अक्षरओळख नव्हती. "काय लिवलंय भुईबद्दल?" त्याने विचारलं. मी पुण्याच्या कप्तानाचा शेरा काढला. तिने लिहिलं होतं, मैदान अतिशय मऊ, आजवर खेळलो त्यांत सर्वांत चांगलं.

"मऊ?" बाबा म्हणाला. मिठागरावर कुणाच्या भुईला मऊ म्हणणं म्हणजे त्या माणसाला उद्यापासून कामावर येऊ नको म्हणणं. त्याच्या सबंध आयुष्यात हा शब्द त्याच्या वाट्याला आला नव्हता. त्याने माझ्या मातीने भरलेल्या उजव्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहू दिला.

"परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचलं, आणि या वेळी सचिवांकडे तोंड करून, आईच्या आवाजात.